२१ ६६

आमच्या धंद्यातला पहिला उपाय म्हणजे खोडरबर. मशिन चालू होत नाही, नुसतं शिट्ट्या मारतंय? रॅम काढायची, तिचे सोनेरी दात खोडरबरानं घासायचे, फुंकर मारायची आणि 'कट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवायची. बऱ्याचदा एवढ्यावर भागतं. मग गिऱ्हाईक म्हणतं, "एवढंच होतं होय?" आणि खिशाकडं निघालेला हात वाटेत रेंगाळतो.

मिरजेत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बावीस वर्षं हेच करतोय. गेल्या मे महिन्यातलं एक काम शेवटी खोडरबराच्याच जातीचं निघालं, फक्त तिथं पोचायला एकोणीस दिवस लागले. त्यातले चार दिवस माझ्याच मूर्खपणाचे. तेही सांगतो, कारण ते लपवलं तर बाकीचं खरं वाटायचं नाही.

जत तालुक्यातल्या एका शाळेचे सर बारा मशिनं मॉनिटरांसकट घेऊन आले, छोटा हत्तीतून, गोधड्यांत गुंडाळून. मशिनं माझ्या ओळखीचीच. एका कारखान्यानं भंगारात काढलेली, सरांनी मागून आणलेली, आणि २०२२ मध्ये मीच त्यांच्यात डेबियन ११ (लिनक्स या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार) टाकून दिलेलं. आतला बोर्ड जी४१. हा इंटेलचा २००८ सालचा चिपसेट, ग्राफिक्स त्याच्याच पोटात. एके काळी आमच्या भागात सायबर कॅफे, टायपिंगचे क्लास, सेतू केंद्र, कुठलाही डबा उघडा, आत हाच. यंदा सरांची मागणी दोन गोष्टींची. एक, नवीन डेबियन टाका. दोन, अक्षरं पुसट दिसतात, पोरं डोळे बारीक करून बघतात, त्याचं काहीतरी करा. त्यासाठी त्यांनी पदरमोड करून मॉनिटर जोडायच्या बारा नव्या व्हीजीए वायरीही आणल्या होत्या. शाळा जूनच्या मध्याला उघडणार.

नव्या वायरी बाजूला ठेवल्या आणि जुन्यांवरच काम सुरू केलं. डेबियन १२ चढवलं. मशिन सुरू झालं, आणि माउसनं खिडकी ओढली तर ती आपली चिखलातून बैलगाडी यावी तशी मागून येतेय. मुलांचा एक खेळ लावला. माझ्याकडं कामाला असलेला पोरगा म्हणाला, "काका, हा खेळ नाही, स्लाइड शो आहे."

इथं थोडं सांगायला पाहिजे. ग्राफिक्स ड्रायव्हर, म्हणजे चित्र काढणाऱ्या चिपकडून काम करून घेणारा प्रोग्रॅम, ही एक फाइल नव्हे. लिनक्सवर त्याचे दोन भाग असतात. एक भाग कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात. इंटेलसाठी त्याचं नाव आय९१५. मॉनिटरची ओळख करून घेणं, रिझोल्यूशन लावणं, मेमरी वाटून देणं आणि कामाची चळत चिपच्या पुढ्यात टाकणं, हे तो करतो. दुसरा भाग कर्नलच्या बाहेर, त्याला मेसा म्हणतात. प्रोग्रॅम ओपनजीएलच्या भाषेत सांगतो की इथं त्रिकोण काढ, त्याच्यावर उजेड असा पाड. मेसा ते त्या-त्या चिपच्या यंत्रभाषेत उतरवतो. उजेड, रंग, सावली मोजणारे छोटे प्रोग्रॅम असतात, त्यांना शेडर म्हणतात. ते तिथल्या तिथं कंपाइल होतात (यंत्रभाषेत उतरतात), म्हणजे मेसाच्या पोटात अख्खा कंपायलर बसलेला आहे. ब्रायन पॉल नावाच्या माणसानं १९९३ मध्ये फावल्या वेळात हे सुरू केलं आणि १९९५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं केलं. तेव्हा ते चिपशी बोलतच नव्हतं, सगळं चित्र प्रोसेसरच काढायचा. चिपसाठीचे ड्रायव्हर नंतर येत गेले.

प्रोसेसरनं चित्र काढायची ती सोय अजून आहे. मेसाला योग्य ड्रायव्हर सापडला नाही तर तो हात वर करत नाही, एलएलव्हीएमपाइप नावाच्या सॉफ्टवेअरवाल्या मार्गाला लागतो. आठ कोरच्या प्रोसेसरवर ते तुमच्या लक्षातही येणार नाही. या मशिनांतल्या दोन कोरच्या जुन्या कोअर टू ड्युओवर मात्र स्लाइड शो. चित्र कोण काढतंय ते सांगणारा ग्लेक्सइन्फो हा प्रोग्रॅम मी चालवून बघितला, तर रेंडररच्या (चित्र काढणाऱ्याच्या) ओळीत एलएलव्हीएमपाइप. म्हणजे चिप रिकामी बसलीय आणि प्रोसेसर एकटा राबतोय.

झालं. माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली: दोष क्रोकसचा.

क्रोकस म्हणजे जुन्या इंटेल चिपसाठीचा नवा ड्रायव्हर. आधी या चिपना आय९६५ नावाचा ड्रायव्हर होता, जुन्या बांधणीचा. मेसावाल्यांना ती जुनी बांधणीच काढून टाकायची होती, कारण तिच्यामुळं बाकीच्या सगळ्यांच्या पायात दोरी अडकत होती. पण मग जी४१ सारख्यांचं काय? तर डेव्ह एअरली या कर्नलमधल्या जुन्या जाणत्या माणसानं नव्या इंटेल चिपसाठीचा आयरिस हा ड्रायव्हर घेतला आणि तो मागच्या पिढ्यांसाठी बेतून क्रोकस तयार केला. २०२१ मध्ये तो मेसात आला. त्याच वर्षाच्या अखेरीला आय९६५ मुख्य झाडावरून उतरवला, अँबर नावाच्या वेगळ्या फांदीवर ठेवला, आणि २०२२ च्या मेसा २२ पासून तो दिसेनासा झाला. डेबियन ११ मध्ये मेसा २०.३, म्हणजे आय९६५. डेबियन १२ मध्ये मेसा २२.३, म्हणजे क्रोकस. (आयरिस आणि क्रोकस दोन्ही फुलंच. केशर येतं ते क्रोकसच्याच एका जातीपासून, आणि वनस्पतीशास्त्रात क्रोकस आयरिसच्या कुळात मोडतो. पंधरा वर्षांच्या डबड्याला चालवणाऱ्या ड्रायव्हरचं नाव केशरावरून, हे मला फार आवडतं.)

तर दोष क्रोकसचा धरून मी कंबर कसली. मेसाचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, उतरवला. प्रत्येक चिपला एक ओळखक्रमांक असतो; जी४१ चा इंटेलच्या खात्यातला क्रमांक २ई३२. मेसातल्या यादीत शोधला, तर तिथं होता, अगदी नावासकट. मग म्हटलं त्या सोर्सवरून आपणच मेसा बांधून बघू.

बांधणं तसं अवघड नाही, पण एक-दोन गोष्टी कुणी सांगत नाही. मेसन या बांधणीची जुळवाजुळव करणाऱ्या प्रोग्रॅमला नुसतं 'कर' म्हटलं तर तो असल्या मशिनवर चालू शकणाऱ्या ढीगभर चिपचे ड्रायव्हर बांधायला घेतो. ज्याची गरज आहे तेवढंच मागायचं: क्रोकस आणि सोबत सॉफ्टवेअरवाला. व्हल्कनची (ओपनजीएलसारखीच, पण नवी भाषा) यादी रिकामी ठेवायची, जी४१ ला व्हल्कन या जन्मात येत नाही. दुसरं म्हणजे जुन्या मशिनवर बांधायला बसू नका. मी एकदा बसलो होतो. निन्जा हा बांधणारा प्रोग्रॅम आपला दोन कोर धरून सुटतो, दोन जीबी रॅम भरते, स्वॅपची (रॅम कमी पडली की डिस्क वापरायची सोय) घरघर सुरू होते, आणि मध्येच लाइट जाते. दुकानातल्या नव्या आय५ मशिनवर बांधून फाइली नेलेल्या बऱ्या. तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं: बांधलेला मेसा सिस्टिमच्या मेसावर कधी ओतू नये. घरच्या फोल्डरात ठेवायचा आणि चालवताना 'लायब्ररी इथून घे' एवढंच सांगायचं. बिघडलं तर फोल्डर पुसला की झालं. सिस्टिमवरच ओतून ठेवलं आणि बिघडलं, की लॉगिनसुद्धा येत नाही. मग दुसऱ्या मशिनवरून आत शिरून साफसफाई. विचारा मला.

बांधला, लावला, ग्लेक्सइन्फो चालवलं. पुन्हा एलएलव्हीएमपाइप.

पुढचे तीन दिवस मी क्रोकसचा कोड वाचत होतो. काही कळत होतं, बरंचसं नाही. दर वेळी ग्लेक्सइन्फोच्या वर एक ओळ येत होती की आय९६५ उघडता आला नाही. मी ती बघत होतो आणि मनात म्हणत होतो, अरे बाबा, आय९६५ गेला ना आता, तुला अजून सुतक आहे काय? चौथ्या दिवशी चहा पिताना डोक्यात आलं: गेला, तर मग त्याला मागतंय कोण?

मागत होतो मीच. २०२१ च्या शेवटी, मेसा २१.३ मध्ये दोन्ही ड्रायव्हर एकत्र होते तेव्हा, मी हौसेनं दोघांची तुलना करत बसलो होतो. कुठला ड्रायव्हर जबरदस्तीनं लावायचा हे सांगणारं एक एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्रॅम सुरू होताना वाचतात ती सेटिंग, असतं. त्यात एकदा क्रोकस लिहायचो, एकदा आय९६५. ती ओळ एन्व्हायर्न्मेंटच्या फाइलीत तशीच राहिली, आय९६५ वर. मग ती डिस्क मी मास्टर म्हणून धरली आणि क्लोनझिला या डिस्कची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅमनं बारा मशिनांवर उतरवली. जुन्या डेबियनमध्ये आय९६५ होताच, त्यामुळं दोन वर्षं कुणाला पत्ता नाही. नव्यात तो नाही. मेसा बिचारा मी सांगितलेलं शोधत होता आणि न सापडल्यावर सॉफ्टवेअरकडं वळत होता. ओळ काढली. रेंडररच्या जागी इंटेल जी४१. खिडकी लोण्यासारखी सरकली.

पोरग्याला मी सांगितलं की एक सेटिंग चुकलेलं. कुणाचं ते सांगितलं नाही.

आता नव्या वायरी. लावली एक. मॉनिटर क्षणभर काळा, मग निळ्या चौकटीत तीन शब्द: आउट ऑफ रेंज. दुसरी लावली, तेच. जुनी लावली, चित्र आलं. पुसट, पण आलं. कुणीही म्हणेल नवीन वायरी खराब. पण त्याच वायरी दुकानातल्या माझ्या मॉनिटरवर झकास चालत होत्या.

व्हीजीएच्या पंधरा पिनांपैकी बारा आणि पंधरा नंबरच्या पिनांवरून मॉनिटर स्वतःची माहिती सांगतो. त्या माहितीला ईडीआयडी म्हणतात, १२८ बाइटचा एक ठोकळा: कंपनी कुठली, मॉडेल कुठलं, कुठलं रिझोल्यूशन चालतं. मी जुन्या वायरीला मीटर लावला. बारा नंबर ठार. पंधराही. काही स्वस्त वायरींत या दोन तारा घातलेल्याच नसतात, तांबं वाचतं. मग मॉनिटर मुका. कर्नलला कळत नाही समोर कोण आहे, तो बिनधोक म्हणून १०२४ बाय ७६८ लावतो. १३६६ ठिपक्यांच्या काचेवर १०२४ ताणलं की अक्षरं पुसटच होणार. म्हणजे सरांचं निदान बरोबर होतं: वायरी बदलायलाच हव्या होत्या. नवीन वायरीनं मॉनिटरला वाचा फुटली. आणि तोंड उघडल्या उघडल्या तो खोटं बोलला.

बाजूच्या मशिनवरून नेटवर्कमार्गे, एसएसएचनं आत शिरलो आणि तो ठोकळा काढून घेतला. पहिले आठ बाइट ठरलेले असतात, त्यावरूनच ईडीआयडी आहे हे ओळखायचं. ते ठीक होते. पंचावन्नाव्या बाइटपासून अठरा बाइटांत मॉनिटर आपलं सगळ्यात आवडतं रिझोल्यूशन तपशीलवार सांगतो. त्यातले पहिले दोन बाइट म्हणजे पिक्सेल क्लॉक (ठिपके किती वेगानं पाठवायचे तो आकडा), दहा किलोहर्ट्‌झच्या मापात, आणि लिहायची रीत उलटी: लहान बाजू आधी. १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरला तिथं बहुतेक ६६ २१ असतं. हे सोळाच्या पायातले आकडे. उलटे वाचले की २१६६, आपल्या दशमानात ८५५०, म्हणजे ८५.५ मेगाहर्ट्‌झ. रेषेची रुंदी कोऱ्या जागेसकट १७९२, उंची ७९८. भागलं की सेकंदाला साधारण साठ चित्रं. बरोबर.

या मॉनिटरमध्ये लिहिलं होतं २१ ६६.

उलटं वाचलं की ६६२१, म्हणजे २६१४५, म्हणजे २६१.४५ मेगाहर्ट्‌झ. सेकंदाला १८३ चित्रं. अठरा इंची ऑफिसचा मॉनिटर, आणि सांगतोय की मला १८३ हर्ट्‌झ आवडतं. आय९१५ नं विश्वास ठेवला. जी४१ ला व्हीजीएवर एवढा क्लॉक काढता येतो, नाही म्हणायला कारणच नाही. काढला. मॉनिटरनं स्वतःच मागितलेलं ताट समोर आल्यावर म्हटलं, हे मला पचत नाही.

कारखान्यात कुणाच्या तरी हातून दोन बाइटांची अदलाबदल झाली. (कंपनीचं नाव लिहीत नाही.) मग तपासणीत पकडलं कसं गेलं नाही? ईडीआयडीच्या शेवटी, १२८ व्या जागी, तपासणीचा बाइट असतो: सगळ्यांची बेरीज केली की २५६ नं निःशेष भाग गेला पाहिजे. पण बेरजेला क्रम कळत नाही. सहासष्टात एकवीस मिळवा नाहीतर एकवीसात सहासष्ट. कुणी एक बाइट चुकीचा लिहिला असता तर कर्नलनं लगेच बोंब मारली असती. जागा बदलल्या म्हणून गप्प. हे कळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते, आणि मी दुकानात एकटाच हसत बसलो होतो.

खात्री करायला मी ठोकळ्याची प्रत घेतली, दोन बाइट सरळ केले (शेवटच्या बाइटला हात लावावा लागला नाही, उघडच आहे), फाइल फर्मवेअरच्या फोल्डरात ठेवली आणि कर्नलला सुरू होताना सांगितलं की मॉनिटरचं ऐकू नको, ही फाइल वाच. तशी सोय आहे. चित्र आलं. अक्षरं ब्लेडनं कापल्यासारखी.

दुकानदार म्हणून काम इथंच संपलं होतं. पण कर्नलच्या सोर्समध्ये ईडीआयडी वाचणाऱ्या फाइलीत वरच एक तक्ता आहे, तो मी आधी कधीतरी बघितला होता. खोटं बोलणाऱ्या मॉनिटरांची ती यादी. ओळीत कंपनीची तीन अक्षरं, मॉडेलचा क्रमांक आणि खोट्याचा प्रकार. कुणी मिलिमीटरच्या जागी सेंटिमीटर सांगतो. कुणी १३५ मेगाहर्ट्‌झ झेपतं म्हणतो आणि झेपत नाही. व्हीआरचे चष्मे आहेत, ज्यांना कर्नलनं मॉनिटर समजून डेस्कटॉप दाखवू नये. आणि एक प्रकार माझ्याच कामाचा: पहिलं तपशीलवार रिझोल्यूशन चुकीचं आहे, ते सोड, साठ हर्ट्‌झवालं सगळ्यात मोठं घे.

तो तक्ता मी परत वाचला तेव्हा वेगळाच दिसला. त्यातली एकेक ओळ म्हणजे कुणीतरी एक माणूस त्या काळ्या काचेसमोर बसला होता. कोड येणारी माणसं आहेत, माझ्यापेक्षा हजारपट हुशार. पण हा मॉनिटर त्यांच्या टेबलावर नाही आणि कधी येणारही नाही. एनव्हिडियाच्या कार्डांसाठी नूवो ड्रायव्हर लिहिणाऱ्यांची गोष्ट तर ठाऊकच असेल: कंपनीनं कागदपत्रं दिली नाहीत, तर यांनी कंपनीचा बंद ड्रायव्हर चिपच्या कुठल्या रजिस्टरमध्ये (कप्प्यात) काय लिहितो याची नोंद ठेवणारं हत्यार केलं आणि हजारो ओळी चाळून चिपची भाषा उकलली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघून भाजी शिकावी तसं. २०१० मध्ये ते कर्नलमध्ये आलं. त्यासाठीही ज्यांच्याकडं ती-ती कार्डं होती अशा कितीतरी लोकांनी आपापल्या मशिनवरच्या नोंदी काढून पाठवल्या होत्या. इंटेलनं निदान २००८ पासून आपल्या चिपची जाडजूड पुस्तकं उघडी केली, म्हणून आपण त्या बाबतीत सुखी. मॉनिटरचं पुस्तक मात्र तो मॉनिटर स्वतः, आणि त्यात छपाईची चूक आहे हे कळायला मॉनिटरच लागतो. आपल्याकडं भंगार भरपूर आहे. हे भांडवल आहे असं मला त्या रात्री पहिल्यांदा वाटलं.

एक अडचण होती. पहिलं रिझोल्यूशन सोड म्हटलं, तर साठ हर्ट्‌झचं १३६६ बाय ७६८ दुसरीकडं कुठं लिहिलेलं पाहिजे. ईडीआयडीत थोडक्यात सांगायची एक जागा असते, तिथं रुंदीला एकच बाइट. त्यात रुंदी आठानं भागून, एकतीस वजा करून लिहायची. १३६६ ला आठानं पूर्ण भाग जात नाही. पावणेएकशेएकाहत्तर! सगळ्या जगात एवढा खपलेला आकार, आणि तो या थोडक्यात सांगायच्या जागेत सांगताच येत नाही. मग कंपन्या तिथं १३६० बाय ७६५ लिहितात आणि कर्नलमध्ये खास त्यासाठी पाचर मारलेली आहे: असं दिसलं की समज, याला १३६६ बाय ७६८ म्हणायचंय. एका खोट्याला दुसऱ्या खोट्याचा आधार. या मॉनिटरमध्ये ती नोंद होती. म्हणजे तक्त्यात एक ओळ घातली की बाकीचं आपोआप जुळणार.

ओळ लिहायला दोन मिनिटं. कर्नल बांधायला मात्र युक्ती लागते, नाहीतर आय५ रात्रभर तापत राहतो. त्या मशिनवर आत्ता कर्नलची कुठली मॉड्युलं (सुटे भाग) चालू आहेत त्यांची यादी द्यायची आणि म्हणायचं, एवढीच बांध. जेवून येईपर्यंत झालं. टाकलं, फाइलवाली सोय काढली, नवीन वायर लावली. चित्र आलं.

मग पाठवणी. कर्नलचे बदल आजही साध्या मजकुराच्या ईमेलनं जातात. आधी एक स्क्रिप्ट तुमची शुद्धलेखनाची वही तपासते, जागा कमी पडली, टॅब चुकला, सगळं. दुसरी स्क्रिप्ट सांगते हे कुणाला पाठवायचं. खाली आपल्या नावानिशी सही. मी ओळीपेक्षा तिचं कारण लिहिण्यात जास्त वेळ घालवला, इंग्रजीत, तीनदा. पहिल्या खेपेला मेलच्या प्रोग्रॅमनं टॅबांच्या जागी स्पेस घातल्या आणि सगळं मुसळ केरात. गिट या कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या आज्ञेनं पाठवलं तेव्हा कुठं नीट गेलं.

सहा दिवसांनी उत्तर आलं. पूर्ण ईडीआयडी जोड, म्हणजे पुढं कुणाला शंका आली तर बघता येईल. आणि एक प्रश्न: तुझ्याकडं असे किती आहेत, सगळे तपासलेस का?

नव्हते तपासले. बारातले नऊ मॉनिटर त्या कंपनीचे होते, मागचं स्टिकर सगळ्यांचं सारखं, एकाचं बघून मी नऊंचं धरलं होतं. बसलो एकेक काढत. सातांचा आतला मॉडेल क्रमांक माझ्या ओळीतला. दोघांचा वेगळा! डबा तोच, काच तीच, स्टिकर तेच, आतला बोर्ड मात्र दुसऱ्या खेपेचा. आणि २१ ६६ त्यांच्यातही तसंच. माझी ओळ त्या दोघांना लागूच झाली नसती. शाळेत नेमकी दोन मशिनं काळी पडली असती आणि सरांनी पुन्हा वायरींवर संशय घेतला असता. दुसरी ओळ घातली, दोन्ही ठोकळे जोडले, दुसरी आवृत्ती म्हणून पाठवलं. या वेळी उत्तर दोन ओळींचं होतं, आणि त्यातली एक परीक्षकाची सही.

तो बदल पुढच्या कर्नलांत जाईल, मग कधीतरी डेबियनच्या वाट्याला येईल. शाळेच्या मशिनांना तोवर थांबता येत नाही, म्हणून त्यांच्यात सरळ केलेल्या बाइटांची फाइलच ठेवली. पोरग्यानं मॉनिटरांच्या मागं मार्करनं 'अ' आणि 'ब' लिहिलं, म्हणजे कुठल्याला कुठली फाइल ते कळावं.

सर न्यायला आले तेव्हा पावसाची चिन्हं होती, त्यामुळं घाई. एक मशिन लावून दाखवलं. सरांनी चष्मा वर केला, स्क्रीनजवळ गेले, मागं आले. म्हणाले, "हे वायरीनं झालं ना?"

"वायरीनं आणि थोडं सेटिंगनं."

बिल बघून त्यांनी विचारलं, "मॉनिटर सेटिंग, यात काय केलंत?"

"दोन आकडे उलटे झाले होते, सरळ केले."

"एवढंच होतं होय?"

मी हो म्हटलं. नऊ मॉनिटरांचे मिळून तीनशे लावले होते, त्यांनी अडीचशे दिले. जुन्या वायरी त्यांना परत पाहिजे होत्या, शाळेच्या रजिस्टरवर आहेत म्हणून. अकरा दिल्या, एक मागून घेतली. बारा आणि पंधरा नंबर नसलेली वायर दुकानात मुद्दाम मागितली तर कुणी देत नाही, आणि मुका मॉनिटर कसा वागतो हे बघायला मला ती लागणार आहे.